चाखूनच घालते

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिवणकामवाल्या बाईंनी तोंडासमोर पेपर धरला होता, पण कान शेजारच्या आजी-आजोबांकडे होते.

“साखर वाढली माझी, मग तुमचं प्रेशर कसं वाढलं हो?”

“डॉक्टर म्हणाले, मीठ फार होतंय. डायबेटिसमध्ये जिभेची चव मंदावते कधीकधी. तुझी मंदावलीय.”

“काहीतरीच! मी चाखूनच मीठ घालते.”

“तेच तर! वर्षभर खारट गिळतोय.”

“मग बोलला का नाहीत?”

“लग्नानंतर एकदा बोललो होतो. आठवडाभर मीच स्वयंपाक केला.”

“बरं, आजपासून मीठ तुम्हीच घाला.”

“घालतो. पण मग अळणी म्हणायचं नाही.”

“म्हणणार! मी काय तुमच्यासारखी भित्री आहे?”