मांजरेच्या पुलावरची शीव

आणि पुलाचं काय करायचं, हे कुणी सांगेना मला! तुम्हाला सांगते, तुळजापूरला पायी निघायच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. का? तर मांजरेच्या पुलावर शीव नेमकी लागते कुठं? अलीकडं? पलीकडं? का मधोमध, पाण्याच्या वर? हसा, हसा... एमएस्सी झालेय मी, बीडला क्लासमध्ये बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते, आणि अंथरुणात पडून पुलाचे कठडे मोजत होते.

कारण नवस माझा होता ना! आमची रेणू वीस महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. शेजारच्या छबुबाईंचा नातू अकराव्या महिन्यातच पळायचा, आणि छबुबाई त्याला पळवायच्या कुठं, तर आमच्या दारात! डॉक्टर म्हणाले, "टाकेल हो पाऊल, घाबरू नका." नऊ वेळा गेले, नऊ वेळा तेच. दहाव्या खेपेला दवाखान्याऐवजी देवघरात गेले आणि बोलून बसले, "आई तुळजाभवानी, ही चालू दे, हिला तिच्या पायानं तुझ्या पायरीवर आणते." बाराव्या दिवशी पोरगी खाटेचा पाय सोडून चालायला लागली की हो! डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो." सासूबाई म्हणाल्या, "बग, देवीनं ऐकलं." आणि मी मनात म्हटलं, रोहिणी, बोलताना जरा किलोमीटर तरी बघायचे होतेस!

आता चार वर्षांचं लेकरू युसूफ वडगावहून तुळजापूरपर्यंत चालणार कसं? तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भिवराबाईंनी तोड काढली. दहा वेळा पायी जाऊन आल्यात त्या, त्यांच्यापुढं कोण बोलणार! "पोरगी कडंवर घ्यायची. गावाची शीव आली की खाली टेकवायची. शीव तिनं तिच्या पायानं वलांडायची. मदलं देवी बगून घेती." मला लई बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की सकाळी जोशात मीही सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आणि मी तुळजापूर येईपर्यंत चाकाला शिवणार नाही!" आमचे हे, रामप्रसाद, टेम्पो घेऊन पुढं जाणार होते, सगळ्यांच्या वळकट्या त्यात टाकत होते. ते नुसते हसले. ते हसणं मी लक्षात ठेवलंय.

पहिल्या गावाची पाटी आली. "रेणू, खाली उतर."

"माझे पाय झोपलेत."

झोपलेत! ज्या पायांसाठी मी देवाला साकडं घातलं, ते झोपलेत! बरं, बिस्कीट दाखवलं, तेव्हा जागे झाले. रस्त्याच्या कडेनं सोयाबीन वाळत घातलेलं, त्यातून ही छुमछुम करत निघाली, तिकडून सोयाबीनवाला ओरडतोय, "ओ ताई, देवीला चालल्यात का माझी मळणी करायला?" तेवढ्यात मागून जीप आली, मी घाबरून हिला दंडाला धरून वर उचललं... फक्त दोन पावलं हो!

"उचललं! म्या बगितलं!" आत्याबाई कडाडल्या. "हे धरायचं न्हाई. परत."

परत! पाटीच्या मागं जाऊन पुन्हा पहिल्यापासून. ते झालं, तर आत्याबाई पुढं लिंबाच्या झाडाखाली उभ्या. तिथं एक शेंदूर लावलेला दगड. "शीव हितं हाय. ती पाटी सरकारनं कुटंबी रोवली, सरकारला काय कळतंय? ते धरायचं न्हाई." म्हणजे एका गावाच्या दोन शिवा, आणि पोरीला आणखी दोन बिस्किटं. दुपारपर्यंत पुडा संपला. अनवाणी पाय पोळले म्हणून मी मोजे घातले, तर मोजेही धरायचे न्हाईत, काढा! आणि आत्याबाईंच्या पायात? त्यांच्याही पायात मोजे, पण ते डॉक्टरांनी सांगितलेले. डॉक्टरांचं आमच्या घरात एवढंच ऐकतात.

आणि पोरगी कडेवर केवढी जड होते माहितीये का? घरी चौदा किलोची, डांबरावर चाळीस. या कडेवरून त्या कडेवर, मग पाठीवर, मग खांद्यावर, आणि वरून ती माझ्या कानात विचारते, "आई, तुळजापूर आलं?" कसलं तुळजापूर, कळंबसुद्धा नाही! पण मी ठरवलं होतं. सरपटत जाईन, पण पूल हिच्या पायानं, आणि माझ्याही.

दिवस कलला तेव्हा पूल दिसला. अलीकडच्या तोंडाला आमच्याच गावचे दस्तगीरचाचा गाडा लावून उभे. दरवर्षी पायी जाणाऱ्यांना केळी वाटतात. माझा तळवा फुटलेला, मी पाय उलटा करून बघायला लागले. "ताई, फोड बगू नका," चाचा म्हणाले, "बगितला की लई दुखतो. केळं खावा." एक केळं मला, एक आजीजवळ उभ्या रेणूला. टेम्पो तिथंच उभा, मागचं फळकं पाडलेलं. म्हटलं, चाक थांबलेलं आहे. थांबलेलं चाक धरतात थोडंच? टेकले. एक मिनिट.

आणि मागून ट्रक भोंगा वाजवत आला! यांनी आरशात ट्रक बघितला, बायको नाही बघितली, आणि टाकला की गेअर! मी "अहो! अहो!" तर तोंडात केळं, आणि पुढं आरतीची रेकॉर्ड मोठ्यानं! काय सांगू तुम्हाला... पाय लोंबकळत मी पुलावर, तोंड मागं, आणि अख्खा पूल माझ्यापासून लांब लांब चाललेला.

आणि त्या पुलावर रेणू. आजीचं बोट धरून, कठड्याच्या बाजूनं, मुठीत केळं. मी घाबरले, आता बसकण मारेल, आता भोकाड पसरेल... नाही हो. एक पाऊल, दुसरं पाऊल. ट्रक गेला, आजीनं पदराआड घेतलं, पुन्हा पाऊल. कुठं अलीकडची शीव, कुठं पलीकडची... तिनं सगळाच पूल घेतला. रडू आवरेना मला. केळं गिळावं का हुंदका, कळेना.

पलीकडं टेम्पो थांबला. दहा-पंधरा मिनिटांनी दोघी पोचल्या. आत्याबाईंनी देवीच्या दिशेनं हात जोडले, "सगळा पूल! येकदाबी उचलू दिलं न्हाई गं पोरीनं!" मी तिथूनच दोन्ही हात पसरले, "ये गं माझी राणी!"

राणी काही आली नाही. तिनं माझे लोंबकळणारे पाय बघितले. टेम्पोचं चाक बघितलं. मग मागं वळून सगळा पूल बघितला, केळ्याचा शेवटचा घास तोंडात टाकला, आणि अगदी आजीसारखी कंबरेवर हात ठेवून म्हणाली,

"आई, तुझं धरायचं न्हाई. परत."