सात टोपल्यांची सरासरी

"सरासरी काढून थांबायचं नाही हं. प्रत्येक दिवस तिच्यापासून किती लांब पडला, तेही बघायचं," असं मालिवानला तिचे गणिताचे गुरुजी बजावत. आज लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या गल्लीत, पहाटे भिक्षेला येणाऱ्या भिक्खूंची वाट पाहत ती चटईवर बसली होती आणि शेजारच्या दोघींची मजेत जुंपली होती.

"चानसुक मावशी, तुम्ही रोज एक टोपली भात देता. मी आज अष्टमीच्या सणाला एकदम सात आणल्या. आठवड्याची सरासरी दोघींची सारखीच!"

"अगं फेतसमोन, माझा मोठ्यात मोठा दिवस एका टोपलीचा, लहानात लहानही एकाच टोपलीचा. तुझा मोठा सातांचा आणि बाकीचे सहा कोरडे."

"पण पुण्य तेवढंच ना?"

"पुण्याचं मला काय कळतं? परवा चौघा भिक्खूंनी मिळून माझी एकच टोपली खाल्ली. तुझी सरासरी वाढायची होती का त्यांच्या पात्रात?"

"अगंबाई! गल्लीतलं दुसरं कुणीच नव्हतं?"

"सगळ्या तुझ्यासारख्याच हुशार. अष्टमीला इतका भात येतो, की विहारातली बदकंसुद्धा तोंड फिरवतात."

"हसवू नका हो, सांडेल! बरं, उद्यापासून मीही रोज एक."

"पहाटे चारला चूल पेटवावी लागेल, बाईसाहेब."

"पेटवेन. शब्द देते."

मालिवान हसली नाही. तीही सणावारीच यायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालिवानचा भात शिजत आला, तेव्हा समोरचं दार हलकेच उघडलं. एकच टोपली काखेत धरून फेतसमोन अनवाणी बाहेर पडली.