शेजारी उभ्या माणसाला विचारा

...छे हो ताई, मला कसली घाई, घाई पोरीला आहे— उद्या सकाळी तिच्या परिषदेत पोस्टर भिंतीवर लागायला हवं, आणि ती अडकलीय कॉलेजात मुलांचं प्रॅक्टिकल घेत, म्हणून पेनड्राइव्ह देऊन मला पिटाळलंय. मी म्हटलं, अगं, मी आयुष्यभर मागावर कापड विणलं, मला छपाईतलं काय कळणार? तर म्हणते, कापडावरच छापायचंय बाबा, कळेल. बघा, बापाची टिंगल! दाखवा बरं ते कापड... वा. नाही, चांगलंय. जरा विरळ आहे. आम्ही असं विणलं असतं तर मुकादमाने आमच्याच गळ्यात बांधलं असतं. हसू नका, खरं सांगतो. आता काही म्हणालात का? तुमच्या या यंत्राचा आवाजच केवढा— काय? बंद आहे? हो की, दिवासुद्धा लागलेला नाही. मग पंखा असेल.

बरं, आणा पडद्यावर. हे वरचं पहिलं नाव आमच्या चिमणीचं. घरात चिमणीच, बाहेर एवढं लांबलचक. आणि सगळ्यात शेवटी तिचे सर. मी घाबरलो, म्हटलं, अगं, सरांना शेवटी टाकलंस, रागावतील ना! तर म्हणे, बाबा, आमच्यात शेवटचं नाव मोठ्या माणसाचं असतं. आमच्या घरातही तेच आहे म्हणा— शेवटचा शब्द हिच्या आईचा. आणि सुरुवातीला काय होतं सांगू का हे पोस्टर? नुसता मजकूर! मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, वाचणाऱ्याने तिथेच बिछाना टाकावा. मग मला दाराशी उभं केलं आणि स्वतः कागद धरून खिडकीत. म्हणाली, तिथून वाचा. जे मला वाचता आलं नाही ते सगळं तिने उडवलं. रडली थोडी, पण उडवलं. डोळे माझे अजून ठणठणीत आहेत हो, डोळ्यांची तक्रार नाही.

हे ठिपके ना? एकेक ठिपका म्हणजे एकेक विणकर. मागाच्या खडखडाटाने कानांचं काय होतं, तो हिचा विषय. जितका ठिपका खाली, तितकं ऐकू कमी. कुठला कोणाचा ते ती सांगत नाही, पण हा तळाला पडलेला आमचा लंबूच— त्याला बायको हाक मारते तेव्हा शेजारची ओ देते! सगळे गेले तिच्याकडे तपासायला, काचेच्या खोलीत बसून आले. मी? मी नाही गेलो. मला काय झालंय? दोनदा विचारलं तिने, मग गप्प बसली. अहो, समोरच्याचं तोंड दिसलं की मला सगळं कळतं. तुमचंही कळतंय की— फक्त त्या पडद्याकडे वळून बोलू नका, एवढंच.

पाठ फिरली की पंचाईत होते, नाही असं नाही. परवाच बघा, चिमणी स्वयंपाकघरात, पाठमोरी, भांडी घासतेय आणि काहीतरी विचारतेय. काय ते कळेना. पुन्हा विचारायचं जिवावर आलं. मी आपलं म्हणालो, हो हो. माझं नेहमीचंच आहे ते, हो हो म्हणायचं आणि मान डोलवायची, बहुतेक वेळा चहाचंच असतं. पण ही एकदम वळली आणि ओल्या हातांनी गळ्यात पडली माझ्या. लहान असताना पडायची तशी! आता सांगा, चहाला हो म्हटल्यावर कोणी गळ्यात पडतं का? आणि त्यानंतर विचारणार कसं, कशाला हो म्हणालो म्हणून? म्हटलं, चांगलं काहीतरी असणार. उद्या मात्र मी तिच्याबरोबर जाणार नाहीये, ते ठरलंय. उद्या माझा गुडघा दुखणार आहे. एवढी शिकलेली माणसं येणार, मला काही विचारणार, मी भलतंच उत्तर देणार, आणि पोरीची मान खाली जाणार. लाज वाटते हो. तिची नाही, माझी.

काय? काय दाखवताय? खाली... हा चौकोन? हा नव्हता मागे. थांबा, वाचतो. ‘मागावरच्या कामाबद्दल काही विचारायचं असेल, तर शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना विचारा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.’

...

हे मी कबूल केलंय? याला हो हो म्हणालो मी?

नाही, पुसता येईल ना हे? तुमचं बोट त्या बटणावरच आहे, म्हणजे येत असेल. एका टिचकीत जाईल. तिला सांगेन, जागा पुरली नाही... नको. नको ताई, काढा ते बोट. एवढं उडवलं तिने, स्वतःची वाक्यं उडवली रडत रडत, आणि मला जागा ठेवली बघा. बापाला पोस्टरवर घेतलंय तिने, आणि मी गुडघा दुखवून घरी बसू?

राहू द्या ते. पण एक ओळ जोडता येईल? त्याच्याच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, दारातून वाचता येईल अशी. लिहा— ‘जरा मोठ्याने विचारा. त्यांना कमी ऐकू येतं.’ हां. तिला फोन करून विचारा हवं तर, पोस्टर तिचं आहे. फोन तुम्हीच करा, मला फोनवर... हो, तेच. लागला? काय म्हणतेय? रडतेय का हसतेय? अहो, माझ्याकडे बघून सांगा ना— मला ऐकू येत नाही.