गॅलरी बसण्यासाठी आहे

सन्माननीय अध्यक्ष अच्युतराव, व्यासपीठावर विराजमान असलेले क्रीडासंकुल समितीचे सदस्य, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले इंजिनिअर नागसेन गजभिये, आणि दुर्गपासून मरोद्यापर्यंतच्या घराघरांतून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी नागसेनजींचे भरभरून कौतुक केले. करायलाच हवे. जिथे गाजरगवत आणि गुरे होती, तिथे आज कबड्डीची मॅट आहे, बॅडमिंटनचे कोर्ट आहे, पोहण्याचा तलाव आहे आणि हा हॉल आहे. संकुल बहुउद्देशीय, म्हणून समितीच्या प्रत्येक बैठकीत एकेक उद्देश वाढत गेला. नागसेनजी मला हसून म्हणायचे, "काका, आता बारसंच राह्यलं." तेही होईल, आपली माणसे हौशी आहेत.

तुमच्यापैकी पुष्कळजण मला ओळखतात. मी श्यामराव, कारखान्याच्या सेफ्टी खात्यातून रिटायर झालेला. भिणे हीच माझी नोकरी होती. सवय अजून सुटलेली नाही. शेवंता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणते, "तुमाले तं गॅसवर दूध ठेवलं तरी भेव वाटते." तेव्हा पुढचे बोलणे एका भित्र्या माणसाचे आहे, असे समजूनच ऐका.

जरा मागे वळून वर पाहा. ती लांबलचक गॅलरी. खाली एकही खांब नाही, किती देखणी दिसते! उद्या उद्घाटनाला आपल्या मुलींचे लेझीम आहे, आणि ते मैदानावर नाही, त्या गॅलरीत आहे. खालून सर्वांना दिसावे आणि फोटो चांगले यावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना सुंदरच आहे. माझी नात खुशबू पहिल्या रांगेत आहे.

गेल्या आठवड्यात मुली वर सराव करत होत्या. नागसेनजींनी मला गॅलरीच्याच एका पायरीवर बसवले आणि शेजारी पाण्याचा भरलेला पेला ठेवला. लेझीम सुरू झाले. आधी पाण्यावर बारीक थरथर आली. ठेका वाढला तसे पाणी काठाला लागू लागले, आणि मग सांडले. माझ्या बुडाखालची पायरी मला वरखाली होताना कळत होती. मुली हसत होत्या, त्यांना झोपाळ्यासारखी मजा वाटत होती.

नागसेनजींनी सराव थांबवला आणि मला म्हणाले, "काका, बसाले ही गॅलरी पक्की आहे, पूर्ण भरून बसवा. पण एवढ्या पोरी एका ठेक्यात पाय आपटतीन तं ते झुलनच. नाचाले मी बनवलीच नाही."

हेच त्यांनी समितीला सांगितले. पण तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या. अच्युतराव मला प्रेमाने म्हणाले, "श्यामराव, भित्यापाठी ब्रह्मराक्षस." नंतर नागसेनजींचा बदलीचा आदेश आला, उद्घाटनाच्या आधीच नव्या जागी रुजू होण्याचा. योगायोग असेल. मी त्यावर बोलणार नाही, आज शाल-श्रीफळाचा दिवस आहे.

पण घरी काय झाले ते सांगतो. शेवंता म्हणाली, "एवढं भेव वाटते तं पोरीले घरीच ठेवा. ताप आला म्हणून सांगून देऊ." खोटे कशाला बोलू, मला ते पटले. मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. तेवढ्यात खुशबू म्हणाली, "आजोबा, मैं नहीं गई तो मोनाली आगे आएगी. तिले सगळ्या स्टेप येतात."

मोनालीची आई, शैलाताई, समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून मी काय सांगू? माझ्या नातीला ताप आहे, तुमची पाठवा?

तेव्हापासून मला झोप नाही. एवढ्या मान्यवरांसमोर, आनंदाच्या प्रसंगी हे बोलावे का, याचीही भीती होतीच. पण दोन भीतींपैकी मोठी कोणती, एवढे तर नोकरीने शिकवले आहे.

नागसेनजी, तुम्ही उद्या इथे नसाल. तुमचे वाक्य मात्र इथे राहू द्या, मी ते जपेन. गॅलरी बसण्यासाठी आहे.

अध्यक्ष महोदय, माझ्यानंतर आपलेच भाषण आहे. त्यात बाकी काही नसले तरी चालेल. लेझीम उद्या खाली मैदानावर होईल, एवढे एक वाक्य या माईकवरून बोला. शैलाताई ऐकत आहेत, मीही ऐकतो आहे.

आपण मला बोलू दिलेत, त्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. माझ्या तोंडून काही अधिकउणे निघाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर पदरात घ्या. ही क्षमा मी आजच मागून ठेवतो, कारण आज ती मागता येते.