वळणावरची कांब

स्कूटरवाले काका गॅरेजच्या बाकावर पंक्चर निघायची वाट बघत होते. कान मात्र केव्हाच शेजारच्या जुन्या पिकअपखाली सरकले होते. मालकाने हौसेने ती इतकी खाली बसवली होती, की मुंगीलाही खालून जाताना मान लववावी लागली असती. मिस्त्री हातात लोखंडी कांब धरून होता; मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, मालक त्यांच्या शेजारी.

“वहिनी, ही कांब पुढच्या दोन चाकांना जोडली, की वळणावर गाडी कलणार नाही.”

“अजिबात?”

“नावालासुद्धा नाही. साहेबांना मात्र कललेलीच बरी वाटते म्हणे.”

“वाटणारच. यांच्या ऑफिसातली ती रोज आमच्या गाडीतून घरी जाते. सीट सलग. डावं वळण आलं, की बाईसाहेब घसरत थेट यांच्या खांद्यावर.”

“अगं, तोल जातो बिचारीचा.”

“तुम्ही गप्प बसा. मिस्त्री, चांगली आवळा.”

कांब बसली. नवराबायको एक फेरी मारून आले. काकांचं पंक्चर कधीच निघालं होतं, पण ते उठले नाहीत.

“काय वहिनी, कशी वाटली?”

“ताठ.”

“मग झालं की मनासारखं.”

“मी बसले तरी ताठच?”

“कोण बसलंय, ते कांबेला काय कळतंय?”

“लग्न झालं तेव्हा याच सीटवर... जाऊ दे. मिस्त्री, काढा ती.”

“काढू? आणि ऑफिसातल्या बाई?”

“ती उद्यापासून मागे हौद्यात बसेल.”