कडीवरची लाल माळ

(केशवापुरातली एक बालवाडी. टेबलामागे उत्तरा, बालवाडीच्या मुख्य बाई. समोर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर सायलीची आजी, अंबूताई.)

अंबूताई : …चार वर्षांचं पोर ते, मॅडम. कपडे काढले म्हणून कुणी शाळेतून काढतं का?

उत्तरा : सगळे काढले, आजी. फ्रॉक, पेटीकोट, मोजेसुद्धा. छान घडी घालून कोपऱ्यात ठेवले, संडासात जाऊन आली, आणि तशीच व्हरांड्यात उभी राहून ओरडायला लागली, "मला शिवू नका, पायावर पाणी घाला!" तीस पोरं बघत होती.

अंबूताई : आमच्या घरची पद्धत आहे ती. जाताना अंगावरचं उतरवायचं, आल्यावर पाय धुवायचे, दुसरं नेसायचं. मडी-मैलिगे, सोवळं-ओवळं पाळणारं घर आहे आमचं, मॅडम. पोरीला लहानपणापासून वळण लावलं, यात माझं काय चुकलं?

उत्तरा : वळण! बरं, तिचं तिला धुता येतं का?

अंबूताई : मी धुते की.

उत्तरा : नळ सोडता येतो?

अंबूताई : मैल्या हातानं नळाला शिवायचं नाही, असं सांगितलंय तिला.

उत्तरा : मग हात धुवायचे कशानं तिनं? थुंकीनं?

अंबूताई : मी घालते ना पाणी वरून!

उत्तरा : म्हणजे तुम्ही तांब्या घेऊन उभ्या असाल तरच तुमची नात स्वच्छ. एरवी शिवू नका मला. पोरं हसली तिला त्या दिवशी. तेव्हापासून ती जातच नाही. नऊ ते एक, पाय आवळून बसते. मागच्या आठवड्यात ताप कशानं आला?

अंबूताई : लघवीला जळजळ होत होती. औषध दिलंय डॉक्टरांनी.

उत्तरा : औषधानं काय होणार? ताक घ्या.

अंबूताई : नको, बाहेर बाकावर बसले होते तेव्हा एक पेला झालाय. दीड तास बसवलंत मला.

उत्तरा : कामं असतात. घ्या हो. आमच्या मदतनीस यमुनानं केलंय, आलं ठेचून घालून. आलेल्या माणसाला आम्ही तसंच पाठवत नाही.

अंबूताई : …बरं. चांगलं झालंय. हे बघा मॅडम, मी हात जोडून सांगते. मुलगा सुमंत बँकेत जातो, सून स्मृती कोर्टात वकिली करते. काल तुमची चिठ्ठी वाचली नि स्मृती म्हणाली, "शाळेनं काढलं तर सोमवारपासून सायलीला बेळगावला माझ्या आईकडं ठेवते. तिथं हे मडी-मैलिगे नाही." सुमंत काय म्हणाला ठाऊक आहे? "आई, तुझ्यामुळं झालंय, तूच निस्तर." माझा पोटचा मुलगा!

उत्तरा : मग निस्तरा.

अंबूताई : म्हणून तर आले. त्या पोरीशिवाय मला घरात आहे काय? सकाळी उठवायची मी, वेणी मी घालायची, झोपताना माझ्याच कुशीत. ती बेळगावला गेली तर मी भिंतींशी बोलू? एक महिना द्या मला. मी शिकवते.

उत्तरा : तुम्ही शिकवणार?

अंबूताई : का नाही? मला सवय आहे.

उत्तरा : इकडं बघा. त्या दाराशेजारी खिळा दिसतो? त्यावर लाल मण्यांची माळ आहे. पोराला लागली की उठायचं, माळ संडासाच्या कडीला अडकवायची नि आत जायचं. माळ कडीला असली म्हणजे आत कुणीतरी आहे, बाहेरच्यानं थांबायचं. काम झालं, हात धुतले, माळ परत खिळ्याला. कुणाला विचारायचं नाही. मलासुद्धा नाही. अठरा वर्षं झाली बालवाडीला. इथं एकाही पोरानं करंगळी वर केलेली नाही.

अंबूताई : बरं केलंत बाई! आमच्या वेळी करंगळ्यांनी नुसता वात आणायची पोरं.

उत्तरा : तुमच्या वेळी म्हणजे?

अंबूताई : मी पण शिक्षिका होते ना! जुन्या हुबळीत, मराठी शाळेत. एकतीस वर्षं.

उत्तरा : माहीत आहे.

अंबूताई : कुणी सांगितलं?

उत्तरा : तिसरी ब. खिडकीकडची दुसरी बसायची पट्टी. उत्तरा. भांडेवाल्या रामचंद्रअण्णांची.

अंबूताई : अग्गोबाई! तू माझ्या वर्गातली? आणि मघापासून मी मॅडम मॅडम करतेय! अगं आधी सांगायचं नाही का? बघा, माझ्या हाताखालची पोर आज शाळा चालवते. ऊर भरून आला गं माझा.

उत्तरा : हसू नका, बाई.

अंबूताई : का गं?

उत्तरा : करंगळी आठवते का माझी?

अंबूताई : कसली करंगळी?

उत्तरा : पाढ्यांचा तास होता. मला जोरात लागली होती. करंगळी वर केली. तुम्ही बघितलंत नि फळ्याकडं वळलात. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा "बाई" म्हटलं, तर म्हणालात, "आधी तेराचा पाढा म्हण, मग जा." मी म्हटला. तेरा सकपर्यंत म्हटला. तेरा सत्ते आठवेना. तुम्ही म्हणालात, "पुन्हा पहिल्यापासून."

अंबूताई : …मग?

उत्तरा : मग काय? झाली तिथंच. फ्रॉकमधून, पायांवरून, पट्टीवरून पलीकडं. आणि तुम्ही काय केलंत? पाटी पुसायच्या फडक्यानं माझ्याकडून पुसून घेतलंत सगळं. सगळ्यांसमोर, गुडघ्यांवर बसून. मग व्हरांड्यात उभं केलंत शाळा सुटेपर्यंत. वाऱ्यानं वाळेल म्हणालात. आमच्या गल्लीत तेव्हा आठ दिवसांनी नळ यायचा. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पाऊल टाकलं तर पोरं ओरडली, "नळ आला, कळश्या लावा!" सातवीपर्यंत माझं नाव नळ होतं, बाई. माझ्या लग्नात, अक्षता पडताना, मागून कुणीतरी म्हणालं, नळ आला. माझ्या नवऱ्यानं विचारलं, हे काय? काय सांगू त्याला मी? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंबूताई : उत्तरा, मला खरंच आठवत नाही गं.

उत्तरा : आठवत नाही?

अंबूताई : खोटं कशाला बोलू? चाळीस पोरं असायची वर्गात. निम्मी खोटीच करंगळी दाखवायची नि मागच्या अंगणात विटीदांडू खेळायची. एकच संडास, त्याची किल्ली हेडमास्तरांकडं. एकाला सोडलं की दहा उठायची. सगळ्यांनाच पाढा म्हणायला लावायची मी.

उत्तरा : सगळ्यांनाच! म्हणजे मी एकटी नव्हे. व्वा! अडतीस वर्षं मी मनात रोज तुमच्याशी भांडतेय. भाकरी थापताना भांडतेय, न्हाताना भांडतेय. तुम्ही काय म्हणाल, मग मी काय म्हणेन, सगळं पाठ झालंय मला. आणि तुम्हाला आठवतच नाही. निदान आठवायचं तरी होतंत हो!

अंबूताई : मग माझ्या नातीला घेतलंस कशाला शाळेत?

उत्तरा : फॉर्मवर पालक म्हणून तुमची सही होती. ते टपोरं अक्षर मी मेले तरी विसरायची नाही. पंधरा मुलं थांबली होती जागेसाठी. त्यांना मागं ठेवून तुमच्या नातीला घेतलं. चांगुलपणा नव्हे. म्हटलं, एक ना एक दिवस बाई या दारात येतील. काहीतरी मागायला येतील.

अंबूताई : आणि चार वर्षांच्या पोरीवर सूड उगवलास?

उत्तरा : पोरीच्या केसाला धक्का लावला नाही मी! यमुना रोज अर्धा तास तिला एकटीला घेऊन शिकवते, समजावते. आज ना उद्या शिकेल ती. तिला काढायची काही गरज नव्हती, बाई. ती चिठ्ठी मी तुम्हाला इथं आणायला लिहिली. या खुर्चीवर बसवायला.

अंबूताई : बसले की. गुडघे छातीला लागलेत माझे… उत्तरा, मी जरा जाऊन येऊ का? कुठं आहे गं तुमचं?

उत्तरा : काय?

अंबूताई : या वयात कळ काढवत नाही. दोन पेले ताक झालंय. तू मुद्दाम…?

उत्तरा : हो. मुद्दाम.

अंबूताई : देवा! बरं, बोल नंतर हवं तेवढं. आधी जाऊ दे.

उत्तरा : करंगळी वर करा.

अंबूताई : उत्तरा!

उत्तरा : वर करा, बाई. तुम्हीच शिकवलंय आम्हाला.

अंबूताई : …घे. केली.

उत्तरा : आता तेराचा पाढा म्हणा. मग जा.

अंबूताई : मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे गं.

उत्तरा : मी आठ वर्षांची होते.

अंबूताई : …तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक… बावन्न. तेरा पाचा पासष्ट. अय्यो, नाही गं होत.

उत्तरा : पुढं.

अंबूताई : तेरा सक… तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा…

सायली : टीचर! टीचर, मी गेले आज! यमुनाक्का म्हणाली, टीचरना सांग जा.

उत्तरा : सायली, थांब जरा बाहेर.

सायली : फ्रॉक नाही काढला. फक्त चड्डी, ती पण गुडघ्यापर्यंतच. माझी मी धुतली. नळ पण मीच सोडला. साबण लावून वीस मोजले, ओंदू, एरडू, मूरू… आजी! तू का आलीस?

अंबूताई : तुझ्यासाठीच, राजा.

सायली : आणि पाढा कशाला म्हणतेस? तू पाय का हलवतेस असे? तुला शू आली?

अंबूताई : हो गं.

सायली : मग जा की!

अंबूताई : टीचरना विचारलंय मी. त्या सांगतील.

सायली : अय्य! इथं विचारायचं नसतं. हो ना, टीचर? तुम्हीच सांगितलंय, "कुणाला विचारायचं नाही. मलासुद्धा नाही," असं म्हणाला होतात.

उत्तरा : …हो. मीच सांगितलंय.

सायली : चल, मी दाखवते. ही माळ घे. कडीला अडकव. आणि आजी, पातळ सोडायचं नाही. नुसतं वर धरायचं. जमेल तुला?

अंबूताई : जमेल. हात धर माझा. लवकर चल.

उत्तरा : उजवीकडं, बाई. पायरी आहे, सांभाळून.

सायली : …गेली आत. माळ मी लावली. टीचर, तुम्ही आजीला पाढा का म्हणायला लावला?

उत्तरा : तिला येतो का बघत होते.

सायली : तिला सगळे येतात. तीसचा पण येतो. आधी जाऊ द्यायचं ना मग. आल्यावर म्हटला असता तिनं.

उत्तरा : हो गं बाई. आधी जाऊ द्यायचं होतं.

सायली : तुमचे डोळे लाल झालेत.

उत्तरा : राग आला की होतात माझे.

सायली : आजीचा राग आला?

उत्तरा : आधी आजीचा. आता माझाच.

सायली : आली आजी! हात धुतलेस?

अंबूताई : धुतले.

सायली : साबणानं? नळाला शिवलीस?

अंबूताई : शिवले बाई, शिवले. वीस मोजले. …पोचले, उत्तरा. थोडक्यात वाचले.

उत्तरा : बसा. त्या खुर्चीवर नको, या इकडच्या मोठ्या खुर्चीवर बसा.

अंबूताई : नको, उभीच बरी. तेरा सत्ते एक्क्याण्णव. राहिलं होतं.

उत्तरा : ते माझं राहिलं होतं, बाई. तुमचं नाही.

अंबूताई : तुझंच म्हटलं मी. …चुकलं माझं. आठवत नसलं तरी चुकलं. माफ करशील?

उत्तरा : आज नाही. पुढचं सांगत नाही.

अंबूताई : बरं. आणि ही? सोमवारी?

उत्तरा : तिची जागा तिची तिनं मिळवली आज. त्यात तुमचा संबंध नाही नि माझ्या रागाचाही नाही. सुनेला सांगा, बेळगाव-बिळगाव काही नाही. नऊला आणून सोडा.

अंबूताई : येते मग. चल, सायली.

सायली : थांब, आजी! तू माळ तिथंच विसरलीस, कडीला. आत कुणी नाही, तरी पोरं बाहेर थांबलीत बघ.

उत्तरा : जा तू आजीबरोबर. मी काढते ती.