फिनलेची रास

इशबेल : गुडघा माझा दुखतोय आणि धापा तू टाकतोयस!

मर्डो : माझं पोट दुसऱ्या कोणी वाहून आणलं असतं, तर मीही तुमच्यासारखा चाललो असतो, वहिनी.

इशबेल : मी लग्न होऊन आले तेव्हा काडीपैलवान होतास. आंगस म्हणायचा, माझा धाकटा भाऊ एक दिवस वाऱ्याने उडून जाणार.

मर्डो : दादा काहीही म्हणायचा. ओढा आलाय, हात द्या.

इशबेल : नको. बेन अर्दालचा हा डोंगर मी तुझ्याआधी चढलेय. आणि विषय बदलू नकोस. गुडघा गेल्यापासून तुझ्या मागे लागले होते, मला माझ्या फिनलेच्या दगडांच्या राशीपाशी घेऊन चल म्हणून. तुला कधी सवड नव्हती. आज उजाडत नाही तोच स्वतःहून दारात उभा! काय झालंय?

मर्डो : त्या पडक्या भिंतीपाशी बसू. चहा घेऊ.

इशबेल : म्हणजे वाईटच काहीतरी.

मर्डो : रविवारी जो मुलगा कड्यावरून पडून गेला...

इशबेल : दुकानात ऐकलं. ग्लासगोचा ना? तुमचं बचाव पथक रात्रभर शोधत होतं. त्याची आई आलीय म्हणे.

मर्डो : खाली हॉटेलात उतरलीय.

इशबेल : तिला स्कोनचे पाव करून पाठवणार होते. पीठही मळलं. मग वाटलं, तिच्या घशाखाली उतरणार आहेत का? माझ्या कुठे उतरले होते?

मर्डो : त्याच्याबरोबर एक मित्र होता, तो वाचला. काल दवाखान्यात भेटलो त्याला. माथ्यावरून उतरताना धुकं आलं, वाट चुकली म्हणाला. तेवढ्यात समोर दगडांची मोठी रास दिसली. दोघांना हायसं वाटलं. आपल्याकडे वाटेवर खुणेची रास असते, हे सगळ्यांना माहीत. तिच्यापाशी गेले आणि हीच वाट समजून तसेच सरळ पुढे, कड्यावर.

इशबेल : कुठली रास?

मर्डो : वहिनी...

इशबेल : कुठली रास, मर्डो? डोंगरभर राशी आहेत.

मर्डो : कड्याच्या बाजूला एकच आहे.

(चहा निवतो.)

इशबेल : खोटं आहे. ती एवढीशी आहे. फिनले जिथून पडला तिथे मी आणि आंगसने रचली, गुडघ्याएवढी. धुक्यात कोणाला दिसणार ती?

मर्डो : तुम्ही शेवटची पाहिलीत तेव्हाच कमरेला आली होती. आता माझ्या खांद्याला लागते. येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो.

इशबेल : तूच येऊन सांगायचास, वहिनी, आणखी वाढली. किती बरं वाटायचं मला! आंगस गेला त्या वर्षीसुद्धा म्हटलं, माझ्या पोराची आठवण काढणारे आहेत अजून.

मर्डो : म्हणूनच सांगायचो.

इशबेल : मग?

मर्डो : फिनले कोण, हे त्यांना माहीतच नाही, वहिनी. रास दिसली की दगड ठेवायचा, एवढंच. हात आपोआप जातो. परक्या डोंगरावर मीही ठेवतो.

इशबेल : हे कशाला सांगितलंस रे मला?

मर्डो : पथक आज ती काढणार होतं. मी म्हटलं, आधी वहिनींना नेतो.

इशबेल : मोठे उपकार झाले! ही भिंत बघ, जिला टेकून बसलायस. माझ्या पणजीच्या आईचं घर हे. जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं, तर छपरं पेटवून दिली. निम्मी माणसं बोटीत कोंबली, परत आली नाहीत. आपल्या लोकांचं या डोंगरावर उरलंय काय? या काळ्या भिंती आणि माझ्या पोराची रास. तीही काढा.

मर्डो : तसं नाही हो...

इशबेल : फिनले पडला तेव्हा कुठे होती रास? कड्याबाहेर आलेल्या बर्फाच्या छज्ज्यावर स्वतःच्या पायांनी गेला तो. मी गेले का कोणाशी भांडायला?

मर्डो : नाही गेलात.

इशबेल : मग या मुलाचं खापर माझ्या पोराच्या माथी का?

मर्डो : फिनलेच्या माथी नाही. कोणाच्याच नाही. पण धुकं उद्याही येणार.

इशबेल : फार शहाणा झालायस.

मर्डो : अजून एक सांगायचंय. ती आई. तिला ती जागा बघायचीय. म्हणाली, तिथे एक रास आहे ना? तिच्या शेजारी माझ्या मुलासाठी एक रचून द्याल का?

इशबेल : देवा रे!

मर्डो : बघतो म्हटलं आणि निघून आलो.

इशबेल : तिला माहीत नाही?

मर्डो : त्या मित्राने सांगितलेलं नाही. मीही नाही.

इशबेल : मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं. करण्यासारखं दुसरं काही नसतंच रे. समोर दगड तेवढे असतात. ऊठ.

मर्डो : चहा?

इशबेल : ओतून दे. चल.

मर्डो : सावकाश. आलोच आता, ती बघा रास. त्या टोकाला जाऊ नका, ओलं आहे.

इशबेल : अगं बाई! केवढी झालीय! फिनलेच्या खांद्याला लागली असती.

मर्डो : तुम्ही बसा. दगड मी काढतो.

इशबेल : बसायला नाही आले. कड्यावरून फेकू नकोस, खाली कोणी असेल.

मर्डो : लांब लांब पसरू. दोन दगड जवळ नकोत.

इशबेल : याच्यावर नावं लिहिलीयत बघ. जेनी आणि पॉल. लग्नाच्या आनंदात ठेवून गेले असतील.

मर्डो : पुसू का?

इशबेल : कशाला? सुखात असोत. आणि तळाच्या या पांढऱ्यांना तू हात लावू नकोस. आंगसने खालच्या ओढ्यातून पाठीवर आणले होते. हे मी उचलते.

मर्डो : एखादा घरी न्या, वहिनी.

इशबेल : नको. खिडकीत ठेवला तर दोन मुलं दिसतील मला त्याच्यात. मर्डो, उद्या त्या बाईला माझ्याकडे आण. तू काही बोलू नकोस. मी सांगेन.

मर्डो : सगळं?

इशबेल : कोणाची रास, कोणी रचली, सगळं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

मर्डो : ती तुम्हाला वाटेल ते बोलेल.

इशबेल : बोलू दे. बोल लावायला कोणीतरी लागतं. मला मिळालं नव्हतं.

मर्डो : झालं. धुकं आलं बघा. हात धरा माझा, उतरू.

इशबेल : थांब. जमिनीला एकदा हात लावू दे. इथेच होती ना?

मर्डो : थोडी डावीकडे.

इशबेल : इथे?

मर्डो : वहिनी, धुक्यात मलाही आता नक्की सांगता येत नाही.